वयाची खतावणी : पन्नाशीनंतर सुरुवात कुठून करायची

तीन वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दोन महिन्यांत ती वॉकर धरून चालायलाही लागली, पण जमिनीवर मांडी घालून बसणं कायमचं गेलं. हॉस्पिटलच्या बाकावर रात्री जागताना मी मोबाइलवर म्हातारपण लांबवण्याचे उपाय वाचायला लागले आणि पुढचं दीड वर्ष त्याच नादात होते. परदेशी गोळ्या मागवल्या. थुंकी नळीत भरून कुरिअरनं पाठवली. ऐंशी तपासण्यांचं पॅकेज घेतलं. पैसे गेले ते गेलेच, पण जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं ते मी अठराव्या महिन्यात केलं, याची चुटपुट जास्त आहे.

मी डॉक्टर नाही. एका पतसंस्थेत ३१ वर्षं हिशेब लिहिले. म्हणून हा लेख उपचारांचा नाही, नोंदींचा आहे. आधी काय, नंतर काय आणि कशाच्या वाटेला जाऊ नये, एवढंच सांगते. तुम्ही चाळिशीत असाल तर उत्तमच. सत्तरीत असाल तरी उशीर झालेला नाही. का, ते सहाव्या पायरीत येईल.

आधी ही जमवाजमव करा

- २०० पानी वही. मोबाइलमधलं ॲप नको. फोन बदलला की आकडे हरवतात.
- शिंप्याची मापाची टेप, खडू, स्टॉपवॉच (मोबाइलमधलं चालेल).
- दंडाला बांधायचं बीपीचं मशीन. मनगटाचं घेऊ नका. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्ट्यावर बीपी उगाच जास्त दिसतं.
- हात नसलेली, न डगमगणारी खुर्ची. प्लास्टिकची नको.
- जुने रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले. नुसता 'सगळं नॉर्मल होतं' हा निरोप नको, आकडे हवेत.
- चालू गोळ्यांच्या पट्ट्या, काढे, चूर्णं, सगळं एका पिशवीत.
- आधार, शाळा सोडल्याचा दाखला, असल्यास जन्माचा दाखला.

१. आधी स्वतःचं खरं वय ठरवा

हसू नका. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो. नाव घालायला आलेलं पोर मास्तरांना पाच-सहा वर्षांचं वाटलं, शाळा जूनमध्ये उघडते, लिहिली १ जून. माझ्या आईला तर तीन वयं आहेत. दाखल्यावर १ जून १९४६, आधारवर १ जानेवारी १९५०, आणि आजी सांगायची की गांधीजी गेले त्या वर्षीच्या पावसाळ्यात झाली, म्हणजे १९४८.

याचा आरोग्याशी काय संबंध? किडनीच्या रिपोर्टवर 'ईजीएफआर' म्हणून जो आकडा येतो, त्याच्या सूत्रात वय असतं. हृदयविकाराचा धोका काढायच्या तक्त्यात वय असतं. हाडांच्या घनतेचा रिपोर्ट तुमची तुलना तुमच्या वयाच्या लोकांशीही करतो. चार वर्षांची चूक तिथे सगळीकडे झिरपते. वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा: कागदावरचं वय आणि घरच्यांच्या आठवणीतलं वय. फॉर्मवर आधारचं लिहा, डॉक्टरांना दोन्ही सांगा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते, तेव्हा घाईनं बदलायला जाऊ नका. पेन्शन, पॅन, विमा यांवर कोणती तारीख आहे ते आधी बघा.

जगभरच्या दीर्घायुष्याच्या गोष्टींनाही हीच कीड लागलेली आहे. शंभरी ओलांडलेल्यांच्या नोंदी तपासणाऱ्या सॉल न्यूमन या संशोधकाला २०२४ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. त्याचं म्हणणं असं की, जिथे जन्मनोंदी ढिसाळ तिथेच अतिवृद्धांचं पीक जास्त येतं. अमेरिकेत एकेका राज्यात जन्माचे दाखले नीट सुरू झाले तसतशी ११० वर्षांवरच्यांची संख्या घसरली. अमक्या बेटावरचे लोक काय खातात म्हणून शंभर वर्षं जगतात, असं वाचलं की आता मला आमच्या गावचे मास्तर आठवतात.

पुढच्या पानावर घराण्याची यादी करा: आईवडील, भावंडं, आजी-आजोबा, मामा-मावश्या, काका-आत्या, कोण कितव्या वर्षी, कशानं गेलं. 'म्हातारपणानं गेले' हे उत्तर घेऊ नका, खोदून विचारा. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकारानं आजारी पडली असेल, तर ती ओळ लाल पेनानं लिहा. पुढच्या तपासण्या त्यावरून ठरतात.

२. विज्ञान कुठवर आलंय, तेवढं समजून घ्या

सगळं वाचायची गरज नाही, पण थोडं माहीत नसेल तर कोणीही फसवतं.

१९९३ मध्ये सिंथिया केनियन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की, मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीतल्या एकाच जनुकातल्या बदलानं त्याचं आयुष्य दुपटीच्या वर जातं. म्हातारं होणं म्हणजे नुसती झीज नव्हे, त्याला आतून काही कळा आहेत, हे त्यानंतर पुष्कळांना पटलं. २०१३ मध्ये एका गाजलेल्या शोधनिबंधात पेशींच्या पातळीवर म्हातारपणाच्या नऊ खुणा मांडल्या गेल्या: डीएनएची मोडतोड, गुणसूत्रांची टोकं झिजणं, मरतही नाहीत आणि कामही करत नाहीत अशा पेशी साठून राहणं, वगैरे. २०२३ मध्ये त्याच मंडळींनी यादी बारापर्यंत नेली. म्हणजे एक गोळी घेतली आणि काम झालं, असा हा मामलाच नाही.

औषधांमध्ये सगळ्यात भक्कम पुरावा रापामायसिनचा आहे, आणि त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९६४ मध्ये कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलमधल्या एका औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्यामागे होते सुरेंद्रनाथ सेहगल, फाळणीपूर्वीच्या पंजाबात जन्मलेले. बेटाचं तिथलं नाव रापा नुई, म्हणून रापामायसिन. कंपनीनं काम गुंडाळलं तेव्हा सेहगलांनी ते जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी बदललेल्या रुग्णांसाठी ते मंजूर झालं, आणि २००९ मध्ये कळलं की ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबानं साठीतल्या उंदरांना दिलं तरी ते जास्त जगतात.

पण ते किडनीच्या रुग्णांना का देतात? प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून. उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात राहतो. आपण पुण्यातल्या पीएमपी बसच्या गर्दीत उभे राहतो, डासांचे चावे खातो, चौकात पाणीपुरी खातो. निरोगी माणूस यामुळे जास्त जगतो, असं अजून कोणी दाखवलेलं नाही. तरीही लोक परस्पर मागवून घेतात. तुम्ही घेऊ नका.

कमी खाण्याचंही तसंच. उंदीर कमी खाऊन जास्त जगतात, हे १९३५ पासून माहीत आहे. माकडांवर अमेरिकेत दोन ठिकाणी वर्षानुवर्षं प्रयोग चालले. २००९ मध्ये एकानं आयुष्य वाढल्यासारखं दिसतंय म्हटलं, २०१२ मध्ये दुसऱ्यानं नाही म्हटलं. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलवर काम करणारी कंपनी २००८ मध्ये ७२ कोटी डॉलरला विकली गेली. पुढे साधा आहार खाणाऱ्या उंदरांना ते दिलं तेव्हा ते काही जास्त जगले नाहीत.

ताळेबंद वाचताना मी आधी तळटीपा वाचायचे. इथेही तेच करा. बातमी आली की पहिला प्रश्न: प्रयोग कोणावर, कृमी, उंदीर की माणसं? माणसं असतील तर किती आणि किती काळ? आयुष्य किंवा आजार मोजले, की रक्तातला एखादा आकडाच? आणि सांगणारा तीच गोष्ट विकतोय का? 'भारतात चाचणी झाली आहे' असा दावा असेल तर नोंदणी क्रमांक मागा. औषधांच्या चाचण्यांची भारतीय नोंदवही सर्वांना फुकट बघता येते, क्रमांक 'सीटीआरआय'नं सुरू होतो. मी तीन विक्रेत्यांकडे तो मागितला. दोघांनी उत्तरच दिलं नाही, तिसऱ्यानं सवलतीचं कूपन पाठवलं.

३. 'जैविक वय' सांगणाऱ्या चाचणीनं सुरुवात करू नका

मी केली. पहिला रिपोर्ट आला: माझं शरीर माझ्यापेक्षा चार वर्षांनी तरुण. पेढे आणले. सहा आठवड्यांनी, मधल्या काळात काहीही न बदलता, पुन्हा नमुना पाठवला. या वेळी मी तीन वर्षांनी म्हातारी. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, तुम्ही स्ट्रेस घेतला असेल."

कारण ताणाचं नव्हतं. डीएनएवर बसणाऱ्या मिथाइलच्या खुणांवरून वय ओळखायची पद्धत स्टीव्ह हॉर्वाथ यांनी २०१३ मध्ये ३५३ जागा वापरून मांडली. अशा पद्धतींना 'घड्याळ' म्हणतात. शोध अस्सल आहे, पण त्या मूळ घड्याळाचीही चूक साधारण ३.६ वर्षांची होती. २०२२ मध्ये एका गटानं एकच नमुना दोनदा तपासून पाहिला, तर अशा नावाजलेल्या घड्याळांमध्ये तीन ते नऊ वर्षांपर्यंत फरक येत होता. हजारो लोकांची सरासरी काढणाऱ्या संशोधकाला हा फरक चालून जातो. एकट्या माणसाला त्याचा उपयोग नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत भारतीयांच्या म्हातारपणाच्या खुणा शोधायचं काम सुरू आहे. इथल्या माणसांसाठीचे मापदंड तिथून आले तर बघू. तोवर ते पैसे बाजूला ठेवा.

४. घरात मोजायचं ते नीट मोजा

माझ्या मते सगळ्या लेखात हीच पायरी खरी. खर्च जवळपास नाही आणि आकडे बोलके असतात. महिन्यातला एक रविवार ठरवून टाका, सकाळी, चहाच्या आधी.

बीपी. मापाच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीला. मशीन चालू असताना बोलायचं नाही. आमच्याकडे नेमकं तेव्हाच 'कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?' असा प्रश्न येतो आणि वरचा आकडा चढतो. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळ-संध्याकाळ, त्या रविवारपासून सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी घेतलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरकडे जा. साठीच्या पुढच्यांनी आणखी एक करावं: बसून माप घ्या, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्तनं उतरला, तर पहाटे उठताना पडायची भीती असते. आईचं असंच होतं, हे आम्हाला ती पडल्यावर कळलं.

कंबर. बेंबीवर किंवा पँट बांधतो तिथे नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. भारतीयांसाठी सीमा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. पोट आत ओढून कोणाला फसवताय?

खुर्चीतून उठणं. हात छातीवर घडी, पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, जमेल तितक्या लवकर. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाल्याची खूण, असं आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत आहे. माझे पहिल्या रविवारी १४ लागले होते, आणि मी स्वतःला 'फिट' समजत होते कारण रोज तळजाईच्या टेकडीवर चालायला जायचे.

चाल. पार्किंगमध्ये खडूनं सहा मीटरवर दोन रेघा मारा. दोन पावलं आधीपासून नेहमीच्या चालीनं चालत या. रेघ ते रेघ वेळ लावा. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर नोंद करा.

एका पायावर उभं राहणं. भिंतीजवळ, कोणीतरी शेजारी हवंच. दहा सेकंद जमतात का? ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका ८४ टक्के जास्त दिसला. म्हणजे एका पायावर उभं राहिलं की आयुष्य वाढतं असं नाही. थर्मामीटर ताप दाखवतो, घालवत नाही.

हाताची पकड. याचं यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असतं, वर्षातून एकदा मोजून घ्या. पुरुषांत २८ किलोच्या खाली, बायकांत १८ च्या खाली असेल तर कमी.

हे सगळं माझं डोकं नाही. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं पंचेचाळिशीच्या पुढच्या सुमारे ७२ हजार भारतीयांचं जे सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये केलं, त्यातही घरोघरी जाऊन पकड, चाल आणि तोल मोजले होते.

५. लॅबमध्ये काय मागायचं

पॅकेज नाही, यादी मागायची. ऐंशी तपासण्या केल्या की एक-दोन आकडे रेषेबाहेर जाणारच. माझ्या पॅकेजमध्ये कोणी न मागितलेली एक 'ट्यूमर मार्कर' (कॅन्सरचा संशय दाखवणारी रक्ततपासणी) होती, ती किंचित वाढलेली आली. दोन सोनोग्राफी, तीन आठवडे उडालेली झोप आणि शेवटी काहीच नाही.

डॉक्टरांशी बोलून ठरवायची माझी यादी ही: हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉलचा पूर्ण तक्ता, किडनीसाठी क्रिएटिनिन, बीपी-शुगर असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन, शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेत असाल तर बी-१२. लायपोप्रोटीन-ए (हृदयविकाराचा आनुवंशिक धोका दाखवणारा आकडा) आयुष्यात एकदा. घराण्याच्या यादीत लाल ओळ असेल तर नक्की. पासष्टीच्या पुढच्या बायकांनी हाडांची घनता. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी कार्यक्रमात तिशीपासून आहे, ती टाळू नका. एक खोच लक्षात ठेवा: लोह कमी असल्यानं हिमोग्लोबिन उतरलं असेल तर तीन महिन्यांची साखर खोटी जास्त दिसू शकते. म्हणून दोन्ही एकत्र करा.

"मी तर बारीक आहे, मला कशाला?" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलीच एक गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. वजनकाट्याला दोघे एकच, आतून निराळे. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला. तिथे कमी वजनाच्या नवजात बाळांतही चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त आढळलं. तेव्हा आपल्या माणसांनी काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवावा.

६. स्नायू हीच खरी मुदत ठेव

'चालतो की रोज!' हे मीही म्हणायचे. चालणं हृदयाला चांगलं, पण खुर्चीतून उठायला लागणारी ताकद नुसत्या चालण्यानं टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोलाचाही. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पुढची दोन कोणी ऐकतच नाही.

उशीर झाला असं वाटणाऱ्यांसाठी: १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला गेला. एकानं सोडला. उरलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता, पण मी आईला हा आकडा वाचून दाखवला आणि ती त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलते.

सुरुवात अशी करा. पहिले दोन आठवडे खुर्चीतून उठबस, दहा-दहाचे दोन फेरे, दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यापासून भिंतीला हात लावून दंड काढणं, आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. हे सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचंच. वर्षभर तीच बाटली उचलत बसलात तर ताकद तिथेच थांबते. गुडघे, पाठ किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडे दोन फेऱ्या मारा. जमिनीवर बसायची सवय असेल तर मोडू नका. डायनिंग टेबल आलं म्हणून पाट माळ्यावर टाकला, ही आमच्या घरातली चूक.

आणि जेवण. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) प्रथिनांचं रोजचं प्रमाण वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम धरलंय. म्हाताऱ्यांसाठी १ ते १.२ ग्रॅम हवं, असं या विषयातले बरेच तज्ज्ञ म्हणतात. म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम. मी एक आठवडा वहीत लिहून बघितलं, चाळीसही भरत नव्हते. वाटीभर वरणात सहाएक ग्रॅम, अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ. आपलं ताट बघा: भात, पोळी, बटाट्याची भाजी, वर साबुदाण्याचे उपवास. मी वरण घट्ट केलं, रोज एक उसळ सक्तीची, नाश्त्याला पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी. किडनीचा आजार असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

७. कान, डोळे, लस, बाथरूम

इथे थोडक्यात. स्मृतिभ्रंशावरच्या 'लॅन्सेट' आयोगानं २०२४ मध्ये टाळता किंवा लांबवता येण्यासारखी १४ कारणं दिली, त्यांत ऐकू न येणं आणि दुरुस्त न केलेली नजर दोन्ही आहेत. मोतीबिंदू 'पिकू दे' म्हणून थांबू नका. कानाचं मशीन लावायला लाजणाऱ्या काकांना हे वाक्य वाचून दाखवा, मोठ्यानं.

फ्लूची लस दरवर्षी. न्यूमोनिया आणि नागिणीच्या लसीबद्दल विचारा. नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात पन्नाशीच्या पुढच्यांसाठी मिळते, दोन डोस, महाग आहे. तिच्या आधीच्या जुन्या लसीची वेल्समधली हकिगत वाचण्यासारखी आहे. तिथे २ सप्टेंबर १९३३ किंवा नंतर जन्मलेल्यांनाच लस मिळणार होती, एक दिवस आधी जन्मलेल्यांना नाही. त्या तारखेच्या अलीकडच्या-पलीकडच्या लोकांची तुलना केली, तर लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशानं कमी निघाला. १ जूनवाल्या आपल्या गावात असा अभ्यास करायची सोयच नाही.

बाथरूममध्ये पकडायला दांडी बसवा. टॉवेल अडकवायची नाही, भिंतीत पक्की रोवलेली. सरकणारं पायपुसणं फेका. रात्रीचा दिवा लावा. आमचा सगळा खर्च एका सोनोग्राफीएवढासुद्धा झाला नाही.

८. गोळ्यांची पिशवी रिकामी करा

ती पिशवी घेऊन एकाच डॉक्टरकडे जा आणि टेबलावर ओता. आईच्या पिशवीत बीपीची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी निघाली, दोन डॉक्टरांनी दिलेली. झोपेची गोळी होती, ती कोणी आणि कधी सुरू केली हे कोणालाच आठवेना. म्हाताऱ्या माणसाच्या पडण्यामागे अशा गोळ्या बऱ्याचदा असतात. मात्र स्वतःच्या मनानं एकही बंद करू नका.

नव्या फॅशनच्या गोळ्यांबद्दल. तारुण्य टिकवतं म्हणून विकलं जाणारं एनएमएन मी आठ महिने घेतलं. वहीतला एकही आकडा हलला नाही. मधुमेह नसताना म्हातारपण टाळायला मेटफॉर्मिन घेणारे लोक वाढलेत. त्यांच्यासाठी २०१९ चा एक प्रयोग: ६५ च्या पुढच्या निरोगी लोकांना १४ आठवडे वजनी व्यायाम दिला, ज्यांना सोबत मेटफॉर्मिन होतं त्यांचे स्नायू कमी वाढले. मधुमेहाच्या रुग्णांसाठी ते चांगलं, जुनं, स्वस्त औषध आहे आणि त्यांनी ते सोडू नये. इतरांनी सहाव्या पायरीवर पाणी का ओतायचं?

९. कागदपत्रं

सत्तरी पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. घरात दोघं सत्तरीच्या पुढचे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून. आधार आणि मोबाइल घेऊन आयुष्मान ॲपवर नोंदणी होते. वय आधारवरचं धरतात. ॲडमिट व्हायची वेळ येण्याआधीच कार्ड काढा आणि जवळचं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते फोन करून विचारून ठेवा.

दुसरा कागद नाजूक आहे: बरं होण्याची आशा नसताना नळ्या आणि व्हेंटिलेटर नको, असं शुद्धीत असताना लिहून ठेवणं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीनं निर्णय कोण घेईल त्यांची नावं त्यात लिहायची. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक घरच्यांकडे, आणि एक महापालिकेनं किंवा ग्रामपंचायतीनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

मी विषय काढायला घाबरत होते. आईनंच काढला, हॉस्पिटलमध्ये शेजारच्या खाटेवरच्या आजींचे हाल बघून. गेल्या दिवाळीनंतर आम्ही तिला रिक्षानं नोटरीकडे नेलं. काठी टेकत, कोणाचा हात न धरता ती खुर्चीतून उठली, मी मनात सेकंद मोजले. नोटरीनं पेन उघडलं आणि विचारलं, "आजी, वय किती?"

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "कुठलं सांगू?"